आंबलेली टाकी

टाकी दोन दिवसांपासून बोलत नव्हती.

बोलत नव्हती म्हणजे काय, तर घुमटावरून उतरलेला गॅसचा नळ जिथं पाण्याच्या पिंपात बुडवला होता, तिथं एरवी दिवसभर चालणारी गुडगुड थांबली होती. मक्याच्या कारखान्यात त्या आवाजाची सगळ्यांना इतकी सवय झालेली, की तो थांबला तेव्हा गेटवरच्या म्हाताऱ्या वॉचमनलासुद्धा कानात दडे बसल्यासारखं वाटलं. दादा पिंपाशी उकिडवा बसून पाण्याकडे बघत होता. थंडीनं बोटं आखडली होती. बऱ्याच वेळानं एक बुडबुडा आला, फुटला, आणि आंबट वासाचा भपका नाकात शिरला. त्यानं चाचणीच्या शेगडीची कळ फिरवून काडी ओढली. निळं काहीतरी क्षणभर थरथरलं आणि विझलं. दुसऱ्या काडीचं तेच, तिसरीचंही तेच. चौथी त्यानं ओढलीच नाही.

"डॉक्टर असता तर..." मागून मुकादम म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

डॉक्टर म्हणजे दादाचा धाकटा भाऊ. शिक्षण जेमतेम, पण टाकीची नाडी त्याला कळायची म्हणून सगळे चेष्टेनं डॉक्टर म्हणायचे, आणि पुढे तेच नाव होऊन बसलं. कारखान्यातून मका भिजवल्याचं, धुतल्याचं पांढुरकं पाणी रोज शेकडो पिंपं निघायचं. ते तसंच ओढ्यात सोडलं तर ओढा कुजायचा. म्हणून ही बंद टाकी. आत काळा गाळ, आणि गाळात डॉक्टरच्या भाषेत 'मंडळी'. डोळ्यांना न दिसणारी, मोजता न येणारी. ती पाण्यातली घाण खायची, पाणी बरंचसं निवळ करून पुढे सोडायची आणि खाता खाता गॅस सोडायची. त्या गॅसवर कारखान्याची निम्मी भट्टी चालायची. "त्यांना हवा लागली की ती मरतात, आपल्याला नाही लागली की आपण," असं डॉक्टर नव्या माणसाला सांगायचा. "एवढाच काय तो फरक. बाकी भूक, थंडी, अजीर्ण, सगळं आपल्यासारखंच बघ."

दोन महिन्यांपूर्वी, भात निघत होतं तेव्हा, तो टाकीलगतच्या झडपेच्या खड्ड्यात मेला. खड्डा म्हणजे बारा फूट खोल, सिमेंटची अंधारी विहीरच. टाकीच्या तळातला गाळ फिरवायची झडप तिथं होती. ती अडकली म्हणून उतरला. त्या खड्ड्यात विषारी वायू साठतो हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आत हवा फेकायचा पंखा, कापडी नळ्यासकट, खड्ड्याच्या काठावरच होता. तरी त्यानं लावला नाही. सगळे असं म्हणत होते, आणि चौकशीच्या कागदावरही तसंच लिहिलं होतं: मयताचा स्वतःचा निष्काळजीपणा.

पंखा तिथं नव्हता, हे दादाला माहीत होतं.

पंखा दादाच्या खळ्यावर होता. आठवडाभर वाऱ्याची झुळूक नव्हती. मळलेलं भात उफणायचं राहिलेलं, आणि आभाळ तर भरून येत होतं. सकाळीच दादानं कारखान्याचा पंखा नळ्यासकट हातगाडीवर घालून खळ्यावर नेला, दुपारी आणून ठेवतो, असं फक्त डॉक्टरला म्हणाला. अकराच्या सुमाराला डॉक्टरचा फोन आला. "दादा, पंखा आण. झडप अडकलीय, खाली उतरायचंय."

"दोन मिनिटांचं काम, त्याला पंखा कशाला?" दादा खेकसला होता. "श्वास रोखून उतर की. इथं माझं भात भिजायची वेळ आलीय."

डॉक्टर हसला होता. "बरं," म्हणाला होता. थोरल्या भावाचा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला नव्हता, आणि नेमका तोच शब्द दादाला आता रोज पहाटे जागं करत होता.

तासाभरानं दादा गाडी ढकलत आला. झाकण उघडं, काठावर चपला. त्यानं आत वाकून बघितलं. मग त्यानं आधी पंखा गाडीवरून उतरवून काठावर ठेवला. कापडी नळा घाईघाईनं गुंडाळून त्याच्याशेजारी टाकला. गाडी भिंतीमागे नेली. मग ओरडला. लोकांनी आकडे टाकून डॉक्टरला वर ओढलं, त्या गडबडीत पंखा लावायचं कुणाला सुचलं नाही.

चौकशीसाठी कारखाना दोन आठवडे बंद राहिला. तेवढे दिवस टाकी उपाशी. पुन्हा सुरू झाला तेव्हा टाकी दादाच्या गळ्यात पडली. भावाची होती म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं. दादाला त्या काळ्या गाळाची फार कीव आली. भावाची मंडळी उपाशी राहिली, आता पोटभर खाऊ देत, म्हणून त्यानं पहिल्याच दिवशी पाण्याची झडप पूर्ण उघडली आणि उघडीच ठेवली. सुरुवातीला गुडगुड वाढली. ते ऐकून दादा पिंपाशी बसून रडलासुद्धा. पुढे हळूहळू आवाज मंदावत गेला, थंडी पडली, वास बदलला, आणि आता हे असं झालं होतं.

मॅनेजर कोटाच्या खिशात हात घालून आला, वास घेऊन मागे सरला. "पंधरा दिवस," तो म्हणाला. "तोवर पेटली तर ठीक. नाही तर टाकी उपसून टाळं लावू. पाणी पूर्वीसारखं ओढ्यात जाईल."

"उपसायची म्हणजे..." दादानं विचारलं.

"म्हणजे काय? खड्डा उघडायचा, खालची झडप सोडायची."

दादानं खड्ड्याच्या झाकणाकडे बघितलं. ते झाकण त्या दिवसापासून कुणी उचललं नव्हतं. ते उचललं की पंख्याची गोष्ट निघणार, आणि पंख्याची गोष्ट निघाली की आपलं तोंड आपल्या ताब्यात राहणार नाही, एवढं त्याला पक्कं कळत होतं.

घरी सगळे जेवायला बसले. दादाची बायको, थोरली, वाढत होती. ती आणि दादा गेले दोन महिने एकमेकांशी मीठ दे, पाणी दे एवढंच बोलत होते. खळ्यावर सूप हातात धरून ती त्या दिवशी शेजारीच उभी होती, फोन तिनं ऐकला होता. डॉक्टरची बायको, जिला घरात धाकटी म्हणत, त्या दिवशी तापलेल्या पोरीला घेऊन दवाखान्यात होती. म्हणून तिला तेवढं माहीत नव्हतं.

"आई," धाकटीची छकुली घास चावता चावता म्हणाली, "आज बाईंनी वर्गात सांगितलं, कसं वागू नये ते. म्हणाल्या, आपल्या गावातले एकजण पंखा शेजारी असून तसेच उतरले. सगळी मुलं माझ्याकडे बघत होती."

"बरोबरच बोलल्या बाई," धाकटी म्हणाली.

"अगं, पोरीसमोर..." थोरली पुटपुटली.

"का? खोटं आहे? पंखा हाताशी होता. कळ दाबायची, एवढंच. पोर तापानं फणफणलेली, बायको दवाखान्याच्या बाकावर, आणि ह्या माणसाला कळ दाबायचा कंटाळा आला!" तिचा आवाज फाटला. रडून झालं होतं तिचं. आता नुसता राग उरला होता, आणि तो मेलेल्या माणसावरचा असल्यानं त्याला जायला वाटच नव्हती. डॉक्टरचे चांगले धडधाकट शर्ट फाडून तिनं फरशी पुसायची फडकी केली होती. त्यातलंच एक, निळ्या चौकडीचं, मोरीशी वाळत पडलेलं दादाला दिसत होतं. त्यानं हातातला घास ताटात परत ठेवला.

धाकटीनं डोळे पुसले आणि एकदम विचारलं, "टाकीचा वास कसा येतोय, भाऊजी?"

"आंबट."

"पाणी किती सोडलंत?"

"पूर्ण."

"पहिल्या दिवसापासून?"

दादानं मान हलवली. धाकटीनं कपाळावर हात मारून घेतला. "दोन आठवड्यांच्या उपाशी माणसाला तुम्ही ताटभर वाढाल का? अहो, आत दोन प्रकारची मंडळी असतात. पहिली हावरट. समोर येईल ते खातात आणि सगळं आंबट करून ठेवतात. दुसरी सावकाश. ती ते आंबट खाऊन गॅस सोडतात. पहिल्यांना भरमसाट घातलं की आंबट इतकं होतं की दुसरी त्यातच मरतात. रोज रात्री माझं डोकं खायचे हे सांगून. मी हूं हूं करायची. सगळी मेली नसतील अजून. उद्यापासून मी येते."

"तू?"

"मग काय, तुम्ही त्यांना आणखी वाढणार?"

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरचेच गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून आली. बूट दोन बोटं मोठे, पुढे तिनं चिंध्या कोंबल्या होत्या. आल्या आल्या तिनं पाण्याची झडप बंद केली. "उपास," म्हणाली. मॅनेजर कुरकुरला, तेवढं पाणी साठवायचं कुठं म्हणून. तिनं बंद पडलेल्या दोन हौदांकडे बोट दाखवलं आणि कामाला लागली.

मग अंग मोडून टाकणारे दिवस सुरू झाले. चुना कालवून निवळी करायची, बादलीबादलीनं वर चढवायची, घुमटाच्या बाजूच्या तोंडातून आत सोडायची. लोखंडी शिडीच्या सत्तावीस पायऱ्या होत्या. चुन्यानं दादाच्या बोटांची कातडी सोलवटली, धाकटीच्या तळहातांना भेगा पडल्या. दर दोन तासांनी ती गाळाचं पाणी काढून त्यात रंग बदलून आंबटपणा दाखवणारी कागदी पट्टी बुडवायची आणि उजेडाकडे धरून बघायची. गावातल्या दहा-बारा गोठ्यांतून ताजं शेण गोळा करून गाड्यावर आणायचं. गाईच्या पोटातही तीच सावकाश खाणारी मंडळी असतात, हे तिला डॉक्टरनंच सांगितलं होतं. शेणाचा पातळ काला करून, कोमट पाण्यात, आत सोडायचा. थंडीत गारठू नये म्हणून टाकीभोवती पेंढ्याची वळी रचून बांधली. "टाकीला कानटोपी तेवढी घाला," मुकादम म्हणाला. कुणी हसलं नाही म्हटल्यावर तोही पेंढ्या उचलायला लागला.

दोघं फारसं बोलत नव्हते. बोलायची ती धाकटीच, आणि तेही मधूनच टाकीशी, नाही तर नवऱ्याशी. "आता आलात का ताळ्यावर," असं ती पट्टी बघत म्हणायची. ते कुणाला म्हणाली ते दादाला कळायचं नाही. एकदा भर दुपारी शिडीवर बादली देताना दादाला खाली पिंपाशी कुणीतरी उकिडवं बसलेलं दिसलं. पाठ ओळखीची, मान थोडी डावीकडे कललेली, नळाला कान लावलेला. बादली हातातून निसटली, चुन्याचं पाणी पायावर सांडलं. खाली बघितलं तर पिंप, त्याच्यावर उन्हाचा एक पट्टा, आणि कुणी नाही. धाकटी वरून ओरडली, "भाऊजी, लक्ष कुठंय?" दादा म्हणाला, चक्कर आली. त्या दिवसापासून पिंपाशी जायचं असलं की तो आधी लांबूनच खाकरायचा.

आठव्या दिवशी पट्टीचा रंग हलला. दहाव्या दिवशी पिंपात बुडबुडे सलग आले. थोडा वेळच, पण आले. धाकटीनं पहिल्यांदा वाटीभर म्हणावं तसं कारखान्याचं पाणी सोडलं. अकराव्या दिवशी शेगडीवर वीतभर निळी ज्योत उभी राहिली आणि मोजून पाच मिनिटं टिकली. मुकादमानं टाळ्या वाजवल्या. धाकटी ज्योतीकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर आनंद आला आणि लगेच मागे फिरला. "एवढं सगळं कळत होतं मेल्याला," ती म्हणाली. "स्वतःचं तेवढं कळलं नाही."

दादा तोंड धुवायच्या निमित्तानं नळावर गेला. पाणी तोंडावर मारत राहिला. सांगावं, आत्ता सांगावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण टाकी पेटत आली होती. टाकी पूर्ण बरी झाली तर झाकण उचलायचं कारणच उरणार नाही, आणि मग कशाला सांगायचं, असं त्याच्या मनानं हळूच सुचवलं. त्या मनाची त्याला शिसारी आली. तरी तो तोंड पुसून पुन्हा कामाला लागला.

बाराव्या दिवशी धाकटी म्हणाली, "तळाला आंबट गाळ बसलाय. वरचं सुधारतंय, खालचं पुन्हा बिघडवतंय. गाळ फिरवायला हवा. झडप सोडावी लागेल."

"कोणती झडप?" दादानं विचारलं. त्याला माहीत होतं कोणती ते.

"खड्ड्यातली."

"नको. आणखी चुना घालू."

"चुन्यानं नाही होणार. मी उतरते."

"तू नाही उतरायचं!" दादा इतक्या जोरात ओरडला की हौदावरचे दोघं कामगार वळून बघायला लागले.

"का? रीतीनं उतरेन. आधी दोन तास पंखा. मग ते नवीन आणलेलं वायू मोजायचं यंत्र सुतळीला बांधून खाली सोडायचं. मग दोर बांधून. कसं उतरायचं असतं ते एकदा मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. किती अवघड होतं ते मला कळू दे." तिनं मुकादमाकडे वळून सांगितलं, "काका, पंखा काढा."

पंखा चौकशीनंतर कोठीत कुलपात ठेवला होता. दोघांनी उचलून आणला. झाकणाच्या कड्यात पहार घातली, झाकण करकरत बाजूला झालं, आणि सडक्या अंड्यांसारखा वास वर आला. सगळे चार पावलं मागे सरले. मॅनेजरही येऊन लांब उभा राहिला. दादा जागच्या जागी खिळला होता. धाकटीनं कापडी नळ्याची वळकटी सोडली, एक तोंड पंख्याला जोडलं. दुसरं तोंड खड्ड्यात सोडायच्या आधी नळा सरळ करावा म्हणून तिनं ते हातात उचलून धरलं आणि म्हणाली, "लावा."

पंखा घरघरला. कापडी नळा फुगत फुगत आला, आणि त्याच्या तोंडातून भस्सकन तूस उडालं. भाताचं तूस, पोचट दाणे, काड्यांचे बारीक तुकडे. धाकटीच्या केसांत, भुवयांवर, ओठांवर बसलं. खाली सिमेंटवर पिवळा सडा पडला. पंखा चालू होता, त्यामुळे कुणाचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

तिनं ओठावरचा एक पोचट दाणा काढून तळहातावर घेतला. कारखाना मक्याचा. भाताचा दाणा या आवारात कुठून येणार? तिनं मान वर करून दादाकडे बघितलं. यंदाच्या हंगामात वाऱ्यावाचून गावातली सगळी खळी अडून बसली होती, आणि दादाचं भात तेवढं वेळेवर कणगीत पडलं होतं. रोजच्या स्वयंपाकासाठी धाकटी त्याच कणगीत हात घालत होती.

दादानं मान खाली घातली. तेवढंच तिला पुरलं.

तिनं दाणा मुठीत मिटला. नळा खड्ड्यात सोडला आणि काठावर बसून राहिली. दोन तास. केसांतलं तूससुद्धा झटकलं नाही. मग यंत्र खाली सोडलं, वर ओढून आकडा बघितला, मुकादमाला दाखवला. दोर उचलला आणि सरळ दादापुढे येऊन उभी राहिली.

"हात वर करा," ती म्हणाली.

दादानं हात वर केले. लहान मुलाला कपडे घालावेत तसा तिनं दोर त्याच्या काखेखालून घेतला, छातीवर गाठ मारली, ओढून बघितली. "तुम्ही उतरा. दोर मी धरते."

दादा उतरला. पायऱ्या ओल्या, शेवाळलेल्या. प्रत्येक पायरीला त्याला वाटे, पुढची आपल्याला लागणारच नाही. तळाशी घोट्याएवढं काळं पाणी होतं. डोक्यावर पंख्याची हवा सळसळत होती. झडपेच्या चाकावर गंज चढला होता आणि गंजावर चार बोटांच्या पुसट खुणा होत्या, कुणाच्या ते विचारायला नकोच. दादानं त्याच खुणांवर बोटं ठेवून जोर लावला. चाक हललं नाही. पुन्हा लावला. तिसऱ्या खेपेला कुरकुरलं, एक आटा फिरलं, आणि नळातून गाळ गडगडत निघाला.

"झालं!" तो वर बघून ओरडला.

वर पंखा बंद झाला. त्या शांततेत धाकटीचा आवाज अगदी जवळून आल्यासारखा आला. "आता तिथूनच सांगा."

"धाकटे..."

"मोठ्यानं सांगा. हे सगळे उभे आहेत, साहेबही आहेत. पंखा कुठं होता?"

दादानं भिंतीला पाठ लावली. वर आभाळाचा वाटोळा तुकडा होता आणि काठाभोवती डोकी. "माझ्या खळ्यावर होता," तो म्हणाला. मग एकदा तोंड उघडल्यावर ते त्याच्या ताब्यात राहिलं नाही. फोन सांगितला, दोन मिनिटांचं काम म्हणाल्याचं सांगितलं, भावाचं हसणं सांगितलं. "त्यानं मागितला होता पंखा. मी दिला नाही. त्याची चूक नव्हती, त्याची काही चूक नव्हती!" त्याचा हुंदका खड्ड्यात घुमून त्याच्याच कानात परत आला.

वर मुकादमानं "अरे देवा" म्हटलं. धाकटीचा चेहरा उजेडामुळे दिसत नव्हता.

"तुम्ही पंखा घेऊन आलात तेव्हा," तिनं विचारलं, आणि तिचा आवाज आता बारीक झाला होता, "तो कसा होता?"

दादानं छातीवरची दोराची गाठ मुठीत धरली.

"भाऊजी."

"हात हलला होता," दादा म्हणाला. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं, पहाटे जाग आल्यावर स्वतःलाही कधी पुरतं सांगितलं नव्हतं. "मी वाकलो तेव्हा एकदा हलला. मग मी पंखा ठेवला. नळा टाकला. गाडी मागे नेली. मग हाक मारली. तेवढ्यात..."

दोर सैल पडला. सैल दोराचा वेढा काळ्या पाण्यात येऊन पडला. दादाला वाटलं, सोडला तिनं. त्याला त्याचं काही वाटलं नाही, उलट छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. त्यानं डोळे मिटून घेतले.

मग दोर पाण्यातून उचलला गेला. हातभर, दोन हात, आणि त्याच्या काखेत करकचून आवळला. वर ती दोन्ही पाय काठाला रोवून, मागे रेलून उभी होती. धापा टाकत, रडत ती ओरडली, "मी आधी माणूस वर काढते! बाकीचं नंतर. चढा!"

दादा पहिल्या पायरीवर चढला.